जीप कोणती? इंजिनालाच विचारा!

दोस्तांनो, मुंबईत कुर्ल्याला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार आहे. त्यातल्या एखाद्या दुकानाची कल्पना करा. खाली लोखंड, वर लोखंड, मधे एक स्टूल आणि भिंतीवर पाटी : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' समजा, तुमचे मामा कर्जतहून सकाळची लोकल पकडून, गर्दीत चेंगरत तिथे पोचले आहेत. त्यांच्या अंगणात लष्कराच्या लिलावातून आलेली एक जुनी जीप आहे आणि ती सध्या रुसली आहे.

"शेठ, जीपचा ऑइल पंप पाहिजे."

"कुठल्या जीपचा?"

"जुन्या. मिलिटरीतली आहे."

"मिलिटरीतली म्हणजे कुठली? इंजिन कुठलं?"

झालं! मामांची गाडी इथेच अडली.

आता दुकानदार काही खडूस नाही बरं का. त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. कर्जतच्या मुलांना तर तो चटकन कळायला हवा. तुमच्या गावात भात संशोधन केंद्र आहे. 'कर्जत-३', 'कर्जत-७' ही भाताची वाणं तिथलीच. बियाण्याच्या दुकानात जाऊन कोणी शेतकरी नुसतं "भाताचं बी द्या" म्हणतो का? हळवं की गरवं, कोणत्या नंबरचं, हे सांगावंच लागतं. नाहीतर पाऊस संपला तरी लोंब्या बाहेर यायच्या नाहीत! जीपचंही तसंच आहे. 'जीप' हे आडनाव झालं. आपल्याला नाव हवंय.

मग चला, आज आपण गुप्तहेर होऊ या. संशयित एकच : मामांच्या अंगणातली जीप. आणि काम हे, की एकही भाग विकत घेण्याआधी तिच्या इंजिनाची ओळख पटवायची.

पण आधी या घराण्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हलकी, कुठेही चढणारी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. विलीज कंपनीची 'एमबी' ही जीप १९४१ पासून बनू लागली. मागणी एवढी, की एका कंपनीला पुरेना. म्हणून तीच गाडी फोर्ड कंपनीलाही बनवायला दिली. तिचं नाव 'जीपीडब्ल्यू'. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. अट अशी होती, की विलीजचा भाग फोर्डला आणि फोर्डचा विलीजला बिनतक्रार बसला पाहिजे. रणांगणावर दोन मोडक्या जीपमधून एक चालती जीप करता आली पाहिजे ना! फोर्डवाले मात्र जरा अभिमानी. त्यांनी कितीतरी भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, आपलं बारीकसं 'एफ' अक्षर उमटवलं. आजही एखाद्या जुन्या जीपचा गंजका बोल्ट कापडाने पुसला आणि 'एफ' दिसला, की जुन्या गाड्यांचे शौकीन लोक लॉटरी लागल्यासारखे नाचतात.

आपल्याकडे जीप आणली ती महिंद्रांनी. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झालेली ही कंपनी. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. सुरुवातीला जीप सुट्या भागांच्या रूपात जहाजातून यायची आणि मुंबईत माझगावला जोडली जायची. म्हणजे कर्जत लोकलमधून भायखळ्याला उतरलं, की तिथून जवळच! पुढे हळूहळू भाग इथेच बनू लागले. महिंद्रांनी सगळ्यात गाजवलेली जीप म्हणजे 'सीजे-३बी'. ती सैन्यात गेली, पोलिसांत गेली, जंगलखात्यात गेली, डोंगरातल्या वाड्यांवर माणसं आणि भाताची पोती वाहू लागली. १९६५ च्या युद्धात अब्दुल हमीद यांनी असल उत्तरला पाकिस्तानी रणगाडे फोडले, ती तोफसुद्धा जीपवरच बसवलेली होती. परमवीर चक्राचा तो धडा तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल.

सैन्यात गाडी जुनी झाली, की तिचा लिलाव होतो. लष्करी गाडीच्या नंबरात सुरुवातीला वर टोक असलेला बाण असतो आणि बाणानंतरचे दोन आकडे गाडी सैन्यात कधी आली ते साल सांगतात. लिलावानंतर बाण जातो, आरटीओचा साधा नंबर येतो. रायगडच्या गाडीला पेणचा एमएच-०६. झालं, जीपची जन्मपत्रिका हरवली! कागदावर आता फक्त नव्या मालकाचा पत्ता उरतो.

तेव्हा पुरावे गाडीवरच शोधायला हवेत.

आधी समोर उभं राहा. दिव्यांमधल्या जाळीत उभ्या फटी आहेत, त्या मोजा. युद्धकाळातल्या एमबीला नऊ असतात, सीजे-३बीला सात. एमबीचे दिवे जाळीत थोडे आत बसवलेले असतात आणि त्यांच्यात एक खासा गंमत आहे. दिवा सैल करून उलटा फिरवला, की त्याचा उजेड थेट इंजिनावर पडतो. रात्री अंधारात दुरुस्ती करायची तर बॅटरी कोण धरणार? गाडीच आपला दिवा आपल्यावर धरते!

मग बाजूला या आणि बॉनेट बघा. एमबीचं बॉनेट बसकं, सपाट. सीजे-३बीचं उंच, जणू कोणी खालून फुगवलंय. ही उंची शोभेसाठी नाही. आत बसलेलं इंजिन उंच होतं म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. हा फार बोलका पुरावा आहे.

पण थांबा! इथेच पुष्कळ लोक फसतात. बाहेरचा पत्रा म्हणजे गाडीचा सदरा. सदरा बदलता येतो आणि सदऱ्याच्या आतला माणूसही बदलता येतो. पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी जुन्या जीपमधलं मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलं गेलं. कधी एका जीपचा सांगाडा, दुसरीचं इंजिन आणि तिसरीचा गिअरबॉक्स. त्यामुळे पत्रा बघून भाग मागणं म्हणजे शाळेचा गणवेश बघून मुलाचं नाव सांगणं. माझं तर स्पष्ट मत आहे, की जुन्या गाडीची नुसती मॉडेलं पाठ असणाऱ्या माणसापेक्षा बॉनेट उघडून पाच मिनिटं गप्प बघणाऱ्या मेस्त्रीवर जास्त भरवसा ठेवावा.

तर बॉनेट उघडा. (इंजिन बंद आणि थंड हवं, बॅटरीची वायर काढलेली हवी आणि शेजारी मोठं माणूस हवं. यात तडजोड नाही.)

जीपच्या पेट्रोल इंजिनांत दोन सख्खी भावंडं आहेत. थोरलं 'गो-डेव्हिल', युद्धकाळातलं. धाकटं 'हरिकेन', जे सीजे-३बीमध्ये आलं. दोघांनाही चार सिलिंडर. दोघांच्याही सिलिंडरचा व्यास ३.१२५ इंच आणि पिस्टनची वरखाली धाव ४.३७५ इंच. म्हणजे पोटात जागा तेवढीच. मग फरक कुठे?

फरक वॉल्व्हमध्ये. इंजिनाला श्वास घ्यायला एक वॉल्व्ह लागतो आणि धूर सोडायला दुसरा. थोरल्या गो-डेव्हिलमध्ये हे दोन्ही वॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, खाली ब्लॉकमध्येच बसतात. त्यामुळे वरचं हेड म्हणजे नुसतं झाकण, डब्याच्या झाकणासारखं चपटं. धाकट्या हरिकेनमध्ये श्वास घेणारा वॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि धूर सोडणारा खालीच ठेवला. त्याने इंजिन मोकळा श्वास घेऊ लागलं, ताकद वाढली आणि उंचीही वाढली. फुगलेल्या बॉनेटचं कोडं सुटलं ना?

आता हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये एक पातळ थर असतो : हेड गॅस्केट. दोन्ही इंजिनांचा सिलिंडर सारखा म्हणून कोणी धाकट्याची गॅस्केट थोरल्याला लावायला गेला, तर ती बसणार नाही. हेडची घडणच वेगळी, तेव्हा गॅस्केटची भोकंही वेगळी. (एक महत्त्वाची सूचना, आई-बाबांसाठीसुद्धा. जुन्या गॅस्केटमध्ये तांब्याच्या पत्र्यांच्या आत ॲस्बेस्टॉस असायचा. तो कोरडा खरवडला, तर त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि ते फार वाईट. जुनी गॅस्केट मुलांनी हाताळायची नाही.)

इंजिन गो-डेव्हिल आहे असं ठरलं, तर काम संपलं का? छे! खरी गंमत आता सुरू होते. आणि मामांचा ऑइल पंप इथेच लपलाय.

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो. तो पिस्टनची ताकद चाकांकडे पाठवतो. त्याच्या वरच्या अंगाला कॅमशाफ्ट असतो. तो वॉल्व्ह उघडतो. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या, की कॅमची एक. आता क्रँकने कॅमला फिरवायचं कसं? सुरुवातीच्या गो-डेव्हिलमध्ये यासाठी साखळी होती. युद्ध संपल्यावर जी सीजे-२ए नावाची शेतकऱ्यांसाठीची जीप आली, तिच्यात काही काळाने साखळी काढून थेट दातेरी चाकं बसवली. साखळी ढिली पडते, चाकं टिकतात. सुधारणा चांगलीच होती.

पण या सुधारणेने एक भानगड केली. ती समजायला तुमची सायकल आणा. पायडल पुढे मारा आणि बघा : पुढचं दातेरी चाक जिकडे फिरतं, मागचंही तिकडेच फिरतं. साखळीचा स्वभावच तो. आता दोन दातेरी चाकं एकमेकांना चिकटवून फिरवा. जुन्या घड्याळातली घ्या, मोडक्या खेळण्यातली घ्या, नाहीतर पुठ्ठ्याची कापा. एक उजवीकडे फिरलं, तर दुसरं डावीकडे!

आलं लक्षात? साखळीच्या इंजिनात कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो. दातेरी चाकांच्या इंजिनात उलट दिशेने. नाव तेच, सिलिंडर तोच, रंगही तोच, आणि आतला कॅम मात्र उलटा!

आता ऑइल पंपाकडे या. हा पंप कॅमशाफ्टवरच्या तिरक्या दात्यांवरून फिरतो. पंपाच्या दांड्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक असतं, त्याचे दातेही तिरके. याच पंपाच्या दांड्यावरून डिस्ट्रिब्यूटरही फिरतो. आपले मेस्त्री त्याला 'डेल्को' म्हणतात. तोच चार सिलिंडरना पाळीपाळीने ठिणगी वाटतो : आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. कॅम उलटा फिरू लागला, तर पंप आणि डेल्कोही उलटे फिरतील! ते होऊ नये म्हणून कारखान्याने दात्यांचा तिरकेपणा उलट केला. दोरीला उजवा पीळ असतो आणि डावा पीळ असतो ना, तसं. साखळीवाल्या इंजिनाच्या पंपाला एक पीळ, चाकांच्या इंजिनाच्या पंपाला दुसरा. बाहेरून दोन्ही पंप जुळ्या भावांसारखे दिसतात. फडताळात शेजारी शेजारी ठेवले, तर घाईत कोणीही चुकेल.

पण एकाचा पंप दुसऱ्यात घातला, तर दाते दात्यांत बसतच नाहीत. आणि कोणा अतिशहाण्याने ठोकून बसवला, तर दाते एकमेकांना खातात. ऑइल पंप म्हणजे इंजिनाचं हृदय. ते थांबलं, की बेअरिंगना तेल मिळत नाही, धातूवर धातू घासतो, तापतो, चिकटतो. आता हे कुठे होईल? सपाटीवर नाही होणार. खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना होईल! खोपोली ते खंडाळा म्हणजे सुमारे पाचशे मीटरची उभी चढण. इंजिन पूर्ण जोर लावतंय, मागे ट्रकची रांग, गाडीत सहा माणसं. शिंगरोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर लोक हात जोडतात, पैसे वाहतात, ते काही उगीच नाही. पण चुकीचा पंप असेल, तर शिंगरोबा तरी काय करील?

म्हणून मामांनी दुकानदाराला काय सांगायचं? "गो-डेव्हिल, साखळीवाला" किंवा "गो-डेव्हिल, गिअरवाला". हे कळायला इंजिनाच्या पुढचं टायमिंगचं झाकण उघडून बघावं लागतं. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे जुना पंप फडक्यात गुंडाळून सोबत न्यायचा आणि दोन्हींच्या दात्यांचा पीळ शेजारी शेजारी धरून बघायचा. दोनशे पानी पुस्तकापेक्षा हा पुरावा पक्का.

पुस्तकावरून आठवलं. अमेरिकन सैन्याने या जीपसाठी चित्रांसह पुस्तकं छापली होती. त्यातलं एक 'टीएम ९-८०३'. कुठला बोल्ट किती आवळायचा, कुठे कुठलं तेल, सगळं त्यात. इतकी जुनी पुस्तकं आजही जगभरचे शौकीन वापरतात, कारण त्यातल्या गाड्या आजही चालतात.

आता नंबर. इंजिनाला नंबर असतो, पण जागा वेगवेगळी. युद्धकाळच्या एमबीत ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढच्या भागात, ऑइल फिल्टरच्या मागे एक छोटी सपाट जागा असते. तिथे 'एमबी' अक्षरांनी सुरू होणारा नंबर ठोकलेला असतो. नंतरच्या जीपमध्ये तो पुढे, पाण्याचा पंप बसतो त्या उंचवट्यावर असतो. कोकणातल्या पावसाने आणि वर्षानुवर्षांच्या तेलाच्या थराने तो झाकून गेलेला असणार. रॉकेलचा बोळा फिरवा, मग खडू घासून पुसा. आकड्यांच्या खाचांत खडू राहतो आणि नंबर पांढरा उमटतो. ही युक्ती पोलिसांनाही आवडेल!

नंबर वाचताना शेवटी एखादं अक्षर दिसतंय का बघा. ते खूप महत्त्वाचं. नंबरापुढे 'ए' असेल तर क्रँकचे भाग मूळ मापापेक्षा दहा हजारांश इंचाने बारीक घासलेले आहेत, म्हणजे बेअरिंग तेवढी जाड लागणार. 'बी' असेल तर सिलिंडर दहा हजारांश इंचाने मोठा आहे, म्हणजे पिस्टन मोठा हवा. 'एबी' असेल तर दोन्ही. म्हणजे काही इंजिनं कारखान्यातूनच वेगळ्या मापाची बाहेर पडत! इंजिन मूळ मापाचंच असणार असं धरून पिस्टन आणला, तर तो आत खुळखुळेल.

आणि कारखान्यानंतर गावोगावच्या लेथवाल्यांनी केलेलं बोअरिंग वेगळंच. सिलिंडर झिजला, की तो आतून थोडा खरवडून पुन्हा गोल करतात आणि मोठा पिस्टन घालतात. मेस्त्रींच्या भाषेत 'वीस साइज', 'तीस साइज', 'चाळीस साइज'. कोणी कधी कितवं साइज केलं, याचा कागद कोण ठेवतो? पण पिस्टनच्या डोक्यावर आणि बेअरिंगच्या पाठीवर साइज छापलेलं असतं. हेड काढलं, पिस्टनवरची काजळी हळूच पुसली, की आकडा दिसतो. नाहीच दिसला, तर मापायचं. शाळेच्या प्रयोगशाळेतलं व्हर्नियर कॅलिपर आठवा. मूळ सिलिंडर ३.१२५ इंच म्हणजे ७९.३८ मिलिमीटर. वीस साइज म्हणजे त्यात अर्धा मिलिमीटर वाढ. एवढ्याशा अर्ध्या मिलिमीटरसाठी पिस्टन बसतो किंवा बसत नाही! पण सिलिंडर वापराने लंबगोल झिजतो आणि वर जास्त, खाली कमी झिजतो. तेव्हा एका ठिकाणी मापून भागत नाही. आडवं, उभं, वर, खाली मापायचं. व्हर्नियर फक्त तोंडाशी पोचतं. आत खोलवर मापायला मेस्त्रीकडे घड्याळाचं गेज असतं, ते त्यांना वापरू द्या.

बोल्टांचीही एक चोरगल्ली आहे. मूळ विलीजचे बोल्ट इंची. नंतर महिंद्रांच्या जीपमध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या घडणीचं डिझेल इंजिन आलं, त्याचं नाव 'एक्सडीपी ४.९०'. हे नाव उलगडून बघा : चार सिलिंडर, व्यास ९० मिलिमीटर! नावातच माप. आता हे इंजिन मिलिमीटरवालं. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट आठचा. डोळ्यांना सारखेच. पण इंची बारीक बोल्टला एका इंचात २४ आटे असतात आणि मिलिमीटरवाल्या नेहमीच्या बोल्टला २० च्या आसपास. दोन फेरे छान बसतो, मग अडतो. अडल्यावर जोर लावला, की भोकातले आटे मेले म्हणून समजा. ब्लॉकमधला आटा मेला, तर पाच रुपयांच्या बोल्टपायी मोठा खर्च. म्हणून बोल्ट नेहमी आधी हाताने, बोटांनी फिरवून बघायचा. बोटांना जे बसत नाही, ते पान्याने बसवायचं नाही.

'मिलिटरीची जीप' म्हणून लोक कधी कधी भलत्याच गाडीकडे बोट दाखवतात, तेही सांगून टाकतो. गाडी जीपपेक्षा थोराड असेल आणि इंजिनात सहा सिलिंडर असतील, तर ती बहुधा 'जोंगा'. निसान पेट्रोल नावाच्या जपानी गाडीवरून जबलपूरला बनवलेली, ३,९५६ सीसीची. पिते मात्र भरपूर! ती १९६९ ते १९९९ या काळात बनली. आणि त्याच जबलपूरचा जर्मन घडणीचा 'शक्तिमान' ट्रक १९५९ ते १९९६. या दोघांचे भाग जीपच्या दुकानात शोधणं म्हणजे बैलाला घोड्याचा नाल.

आणखी एक पुरावा मला फार आवडतो, कारण तो कोणीही मोजू शकतं. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील असतं, त्याच्या कडेला दाते असतात. सेल्फ मारला, की सेल्फच्या छोट्या चाकाचे दाते यात अडकतात आणि इंजिन फिरतं. युद्धकाळच्या जीपला हे दाते ९७. नंतरच्या काहींना १२९. जुना सहा व्होल्टचा सेल्फ बदलून बारा व्होल्टचा लावायचा असेल, तर आधी दाते मोजा. नाहीतर "कर्रर्र" असा आवाज येईल आणि वाडीतली सगळी कुत्री जमा होतील. मोजायची पद्धत अशी : एका दात्याला खडू लावा आणि मेस्त्रींना इंजिन हाताने हळूहळू फिरवायला सांगा. दर दहा दात्यांनी वहीत एक काडी मारा. मधेच कोणी "जेवायला चला" म्हणालं, तर पुन्हा पहिल्यापासून!

आणि जुना भाग? तो भंगारवाल्याला लगेच देऊ नका. नवा भाग बसून, गाडी महिनाभर चालून, एकदा घाट चढून उतरून येईपर्यंत तो जपायचा. कुठेच नवा मिळाला नाही, तर खोपोलीला किंवा मुंबईला चांगला लेथवाला जुन्या भागावरून नवा घडवू शकतो. पण त्याला नमुना हवा. नमुनाच भंगारात गेला, तर तो तरी कशावरून बनवणार?

आता या आठवड्याचं कोडं. मामांच्या गो-डेव्हिल इंजिनाचा आकार मूळ मापात किती सीसी? सूत्र सोपं आहे. एका सिलिंडरचं घनफळ काढायला व्यासाच्या वर्गाला ३.१४१६ ने गुणून चाराने भागतात, मग धावेने गुणतात. सिलिंडर चार आहेत, म्हणजे चाराने भागून पुन्हा चाराने गुणायचं. दोन्ही चार पळाले! राहिलं काय, तर ३.१४१६ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले धाव. व्यास ७.९३७५ सेंटिमीटर, धाव ११.११२५ सेंटिमीटर. उत्तर २,२०० च्या जरासं आत यायला हवं. ते आलं, की खरा प्रश्न : याच इंजिनाचं 'वीस साइज' बोअरिंग केलं, म्हणजे व्यास ३.१४५ इंच झाला, तर इंजिन किती सीसीने वाढलं? एक इशारा देतो. तेवढं पाणी चहाच्या सहा चमच्यांत मावेल. उत्तर आकडेमोडीसकट लिहा आणि जमलं तर घरच्या कुठल्याही जुन्या यंत्रावरचा एक ठोकलेला नंबर खडूने उमटवून त्याची नक्कल वहीत उतरवून ठेवा. पुढच्या आठवड्यात आपण तो वाचायला शिकू.